म्हशीला आवाज लागतो

मी शाळेत विज्ञान शिकवतो. फोर-स्ट्रोक इंजिन फळ्यावर काढायला मला बारा मिनिटं लागतात. दट्ट्या, झडपा, ठिणगी, धूर, सगळं रंगीत खडूंनी. बावीस वर्षांच्या नोकरीत खरं इंजिन मात्र मी एकदाही उघडलं नव्हतं. ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नव्हती, तरी आण्णांना, म्हणजे माझ्या वडलांना, ती कशी कोण जाणे माहीत होती. चार पाहुणे बसलेले असले की ते हमखास विचारायचे, "सर, गाडीचा प्लग कुटं असतो वो?" मला घरात 'सर' म्हणणारे ते एकटेच, आणि ते कौतुकानं म्हणत नाहीत हे पाहुण्यांनाही कळायचं.

गाडी त्यांची. शंभर सीसीची, किकवर चालू होणारी, मी कॉलेजात असताना घेतलेली. शेवगावच्या अलीकडं आमची वस्ती. वस्तीपासून गाव तीन किलोमीटर. मध्ये ओढा, मग थोडा कारखान्याचा रस्ता, मग डेअरी. पंचवीस वर्षं आण्णा सकाळ-संध्याकाळ दुधाची किटली गाडीला अडकवून डेअरीला जात आलेत. शिवाय दुपारी चारला पारावर चहा आणि पाचला पेंडीची पिशवी घेऊन परत. सायलेन्सरला भोकं पडून जमाना झाला होता. गाडी ओढ्यात उतरली की इकडं आई चहाचं आधण ठेवायची, आणि आण्णा दारात येईपर्यंत चहा गाळून झालेला असायचा.

गेल्या दिवाळीनंतर आण्णा त्या ओढ्यात पडले. फारसं लागलं नाही. कोपर सोललं, किटली लवंडली, धोतराला चिखल लागला. "टॅक्टर एकाएकी आला मागनं," एवढंच म्हणाले. उसाचा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, वर पाथर्डीकडची तोडणीची टोळी बसलेली आणि स्पीकरवर गाणी लावलेली. असा ट्रॅक्टर एकाएकी कसा येतो, हा प्रश्न निदान विज्ञानाच्या शिक्षकाला तरी पडायला हवा होता. पडला नाही.

मी नगरहून तातडीनं गेलो. (पाटीवर आता अहिल्यानगर झालंय, तोंडात अजून नगरच येतं.) म्हटलं, "आण्णा, वय चौऱ्याहत्तर झालं. गाडी बास आता. डेअरीला दूध न्यायला कुणीतरी माणूस बघू."

"बघा की," आण्णा म्हणाले. "आन् मला म्हशीसंगं घोडेगावच्या बाजारात नेऊन उबा करा. दात बघून किंमत तरी कळंल."

आई भाकरी थापत होती. ती वर न बघता म्हणाली, "दात हायेत कुटं?"

बराच वेळ असं चाललं. शेवटी तह झाला. गुडघा दुखतो म्हणून त्यांना किक जड जाते, ब्रेकही लागत नाहीत. तर गाडी मी नगरला नेऊन नीट करून आणायची. नीट झाली आणि आण्णांना झेपली, तर त्यांचं डेअरीला जाणं चालू. नाही झेपली, तर बंद. आण्णांनी मान डोलावली. डेअरी बंद म्हणजे पारावरचा चहा बंद, चहा बंद म्हणजे दिवसाचं करायचं काय, हे त्यांच्या तोंडावर लिहिलेलं दिसत होतं. मला वाईटही वाटलं, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त आनंद झाला. कारण गेलं वर्षभर मी मोबाईलवर जुन्या गाड्या कापून, घासून, रंगवून नव्या करणाऱ्या लोकांचे व्हिडिओ बघत होतो, आणि मला कापायला गाडी हवी होती.

खोलण्याआधी मी गाडीचा व्हिडिओ घेतला. आधी आणि नंतर, असं दाखवायची त्या लोकांत पद्धत असते. त्यात गाडीचा जुना आवाज आला: फाटक्या सायलेन्सरची फडफड आणि इंजिनातून झडपांवरच्या टॅपेटची टकटक.

पुढचे दोन महिने माझे सगळे रविवार कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या मिस्तरीच्या शेडमध्ये गेले. नट कुठल्या बाजूला सुटतो इथपासून सुरुवात होती. पहिल्याच दिवशी मी ऑईलचा बोल्ट काढला आणि सगळं ऑईल माझ्या चपलेत गेलं. मिस्तरी म्हणाला, "सर, फळ्यावरचं इंजिन गळत नसतं." पण माणूस चांगला. हात माझेच लावू द्यायचा, फक्त आपला स्टूल जरा लांब ओढून बसायचा.

मी कार्बोरेटर साफ केला, जेट बदलला, टायमिंग चेन नवी टाकली. टॅपेट तर चार वेळा सेट केला, कारण मी पातळ पट्टी घालून फट मोजायचो आणि मिस्तरी नुसता कान देऊन सांगायचा, "अजून बोलतोय." टाकीला गडद हिरवा रंग दिला. हँडल काढून खाली झुकलेलं नवं हँडल घातलं. मोठी सीट कापून एका माणसापुरती केली आणि मागं किटलीसाठी छान जाळीचं कॅरिअर बसवलं. नवा सायलेन्सर टाकला. किक इतकी हलकी झाली की मी ती हाताने दाबून गाडी चालू करून दाखवायचो. आणि चालू झाली की इतकी शांत, की चालू आहे की नाही हे बघायला टाकीवर हात ठेवावा लागायचा. ही गोष्ट मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितली. दोनदा.

गाडी टेम्पोतून वस्तीवर उतरवली तेव्हा आण्णा तिच्याभोवती एक फेरी मारून आले. हँडलकडं बघून म्हणाले, "नमस्कार करीत चालवायची का?" जुनं हँडल मी सोबत आणलेलंच होतं, ते तासाभरात परत चढलं. मग आई आली. तिनं सीट बघितली.

"मागं कोन बसायचं?"

"किटली," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली आणि आत गेली.

आण्णांनी किक मारली. पहिल्या किकला चालू. मी ओरडून म्हणालो, "बसा!" आण्णा बसले, ओढ्यापर्यंत जाऊन आले. उतरल्यावर काय म्हणतात याची मी वाट बघत होतो. ते सरळ किटली धुवायला लागले. मी मनात म्हटलं, बोलायला जड जातंय, म्हणजे आवडली.

पंधरा दिवसांनी गेलो तर आण्णांनी तक्रार पुढं केली. "म्हस दूध चोरतीय."

म्हैस दूध चोरते म्हणजे पान्हा सोडत नाही, दूध वर ओढून धरते. आण्णांनी कारणही सांगितलं. इतकी वर्षं पाचला गाडीचा आवाज आला की म्हशीला कळायचं, आता पेंड येणार; ती उभी राहायची, पान्हा सोडायची आणि आई लगेच धारेला बसायची. आता गाडी येते कधी, उभी राहते कधी, म्हशीला पत्ता लागत नाही. "आवाज लागतो तिला," आण्णा म्हणाले. "जुना सायलेंसर बसव."

मी आईकडं बघितलं. धार तीच काढते, तिला माहीत असणार. आईनं रिकाम्या बादलीत डोकावून म्हटलं, "व्हय. चोरतीय जराशी."

आता आठवलं की हसू येतं. माझ्या आईला खोटं बोलता येत नाही. बोलायची वेळ आली की ती कुठल्या तरी भांड्यात बघून बोलते. हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण त्या वेळी माझ्या डोक्यात विज्ञान शिरलं होतं. घंटा वाजली की कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं, हा प्रयोग मी दरवर्षी शिकवतो. म्हशीचं तेच झालेलं, उघड होतं. आणि जुना सायलेन्सर परत बसवायचा म्हणजे माझ्या दोन महिन्यांवर पाणी. तेवढ्यात मला तो व्हिडिओ आठवला.

संध्याकाळी पाचला मी गोठ्यात मोबाईल घेऊन उभा राहिलो. आवाज मोठा व्हावा म्हणून तो रिकाम्या घागरीत ठेवला. जुनी गाडी घागरीत फडफडायला लागली. म्हशीनं रवंथ थांबवला, घागरीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि परत रवंथ सुरू केला. आई धारेला बसली. बादली फेसानं भरली.

"दिलं बया आज तिनं," आई बादलीत बघत म्हणाली.

मला इतका आनंद झाला, की मी आण्णांना रोज पाचला हा व्हिडिओ लावायची सूचना केली, आणि त्यांच्या मोबाईलवर पाठवूनही दिला. आण्णा म्हणाले, "मोबाईल ऐकून म्हस दूध द्याया लागली, तर तिला रिचार्ज बी मारावा लागंल." आणि पुन्हा तेच: "सायलेंसर तेवडा बदल."

पुढच्या खेपेला, रविवारी सकाळी मी ओट्यावर चहा पीत बसलो होतो. आण्णांनी किटली अडकवली, गाडी डबल स्टँडवर घेतली, बाजूला उभं राहून किक मारली. गाडी पहिल्या किकला चालू झाली. माझ्या कानाला ते गोड वाटलं. आण्णांनी दुसरी किक मारली. चालू इंजिनावर किक मारली की जसं कर्रकन वाजतं तसं वाजलं. आण्णांनी तिसरी मारली.

मला वाटलं, माझी चेष्टा चाललीय. मी हसलोसुद्धा. मग आण्णा वाकले. पेट्रोलचा कॉक बंद करून परत उघडला. प्लगची टोपी दाबून बघितली. इंजिनाजवळ कान नेला, जरा थांबले, आणि उठून पुन्हा किक मारली. गाडी चालूच होती.

मी चहा तसाच ठेवून त्यांच्या मागं जाऊन उभा राहिलो. "आण्णा," मी साध्या आवाजात म्हणालो. ते वळले नाहीत. पुन्हा म्हणालो. नाही.

वस्तीवर सगळेच ओरडून बोलतात. शेताच्या या टोकाहून त्या टोकाला हाक मारायची सवय. शेजारी बसलेल्या माणसालाही आम्ही तसंच बोलतो. तिथं कमी ऐकू येणारा माणूस वर्षानुवर्षं खपून जातो. मी स्वतः पंधरा दिवसांतून एकदा यायचो आणि आल्यापासून जाईपर्यंत ओरडायचो. त्या क्षणी मला तो ट्रॅक्टर आठवला. अर्ध्या तालुक्याला ऐकू जाणारी गाणी लावून तो माणसाच्या मागून आला होता, आणि माणसाला वाटलं एकाएकी आला. गाडीत काही बिघाड नव्हताच. जुन्या गाडीची फडफड तेवढी त्यांच्या कानापर्यंत पोचत होती. त्या आवाजावर ते गिअर टाकायचे, त्या आवाजावर गाडी चालू आहे की बंद ते ओळखायचे. तेवढा एक आवाज उरला होता, आणि तो मी दोन महिने खपून, हौसेनं, टॅपेट चार वेळा सेट करून बंद केला होता.

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ते दचकले. मी ओरडून म्हणालो, "आण्णा, गाडी चालू आहे!"

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग सायलेन्सरच्या तोंडाशी तळवा धरला. गरम हवा लागली असणार. तळवा बराच वेळ तिथंच राहिला.

"बघत हुतो," ते म्हणाले, "कितव्या किकला बंद पडती."

मला हसू आलं नाही. मी गाडी बंद केली आणि किल्ली खिशात घातली. म्हणालो, "आज दूध मी नेतो." त्यांनी विचारलंही नाही की प्लग कुठं असतो ते तरी माहीत आहे का. डेअरीवरून परत आलो तर आण्णा गोठ्याच्या कठड्यावर बसलेले, टोपी काढून हातात धरलेली. मी शेजारी बसलो.

"म्हशीला आवाज लागतो का खरंच?" मी मोठ्यानं विचारलं.

"न्हाई," आण्णा म्हणाले. "तिला काय लागतंय. मला लागतो." थोड्या वेळानं म्हणाले, "पैलं आवाज हँडलवर हाताला बी कळायचा. आता हाताला बी काय न्हाई. आडानी मानूस पाटीकडं बगतो, तसा मी गाडीकडं बगतो." मग माझ्याकडं न बघता, "तुज्या आईला सांगू नको."

त्या दिवशी दिवसभर ते मला 'सर' म्हणाले नाहीत. मी तहाच्या अटी मनात घोळवत होतो. झेपली नाही तर बंद, असं मीच म्हणालो होतो. आणि मला भीती वाटत होती, साधी भीती. ओढ्यावर मागून ट्रॅक्टर येतोय आणि आण्णा आपले नाकासमोर बघत चाललेत, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना. पण कठड्यावर टोपी घेऊन बसलेला माणूसही बघवत नव्हता.

दुपारी मी स्वयंपाकघरात गेलो आणि आण्णांचा शब्द मोडून आईला सांगून टाकलं.

"मला काय सांगतो?" आई म्हणाली. "दोन वर्सं झाली. उजवा कान तर पार गेलाय. मी डाव्या अंगानं बोलते नव्हं का?"

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू गाडी काडून घेतली असती."

"म्हशीचं खोटं का बोललीस पण?"

"ते म्हनले, मी व्हय म्हनलं. मानसानं एवडी म्हस मदी घातली, आता काय तिला बाहीर काडू?" तिनं तवा उतरवला. "आन् ते घरी बसले तर दिसभर माज्या मागं. चहात साखर कमी, चुलीत लाकडं जास्त. मला जगू द्यायचं हाय का न्हाई?"

मी म्हणालो, "आई, मागून काही आलं तर त्यांना कळणार नाही."

आईनं माझ्याकडं बघितलं. कुठल्याच भांड्यात बघत नव्हती.

"मी बसते मागं," ती म्हणाली. "माजे कान हायेत की अजून."

"कुठं बसणार? सीट..."

"तूच कापली. तूच जोड."

नगरला कानाच्या डॉक्टरांनी आण्णांची परीक्षा घेतली. आण्णा डाव्या कानात काठावर पास, उजव्यात नापास. यंत्र मिळालं. ते घरात लावतात, पण गाडीवर त्यात वाऱ्याचंच वादळ होतं, म्हणून गाडीवर बसताना काढून खिशात, पेनाशेजारी. म्हणजे आईचं ठरलं ते ठरलंच. मी सीट घेऊन कुशनवाल्याकडं गेलो. तो म्हणाला, "सर, ही तुम्हीच कापून नेली ना?" मी म्हणालो, "हो, आणि आता लांब करा. मागचा भाग मऊ." कॅरिअर निघालं, उजव्या बाजूला किटलीचा हूक परत बसला. जुना सायलेन्सर बसवावा का, असं मी विचारलं तर आण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. आता काय, मानूसच बोलतंय मागनं." कारखान्याच्या रस्त्याऐवजी शेतातल्या लांबच्या पांदीनं जायचं, ही एक अट मी घातली. ती दोघांनी, दोन वेगवेगळ्या कुरकुरी करून, मान्य केली.

पहिल्या दिवशी मी माझ्या गाडीवरून मागं मागं गेलो. आई एका बाजूला पाय सोडून बसली होती, पदर कानामागं खोचून, दोन्ही कान उघडे. मागून काही आलं की ती आण्णांच्या डाव्या खांद्यावर थोपटायची आणि आण्णा कडेला घ्यायचे. मी आलो तर मलाही थोपटलं. पांदीत बसलेल्या दोन बाया हसल्या. आईनं त्यांना हात केला.

डेअरीत आण्णांनी किटली उतरवली. आई मागं मागं आत आली. पंचवीस वर्षं ती रोज दोन वेळा धारेला बसली, आणि हे दूध जातं कुठं, ते तिनं त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. आण्णांच्याही नसावं, ते तिला फॅटचं मशीन, काटा, टाकी, सगळं दाखवायला लागले, पाहुणीला दाखवावं तसं. किटली टाकीत रिकामी झाली. आई टाकीवर वाकली.

"आपलं कंचं आता ह्यात?" तिनं विचारलं.

आण्णांना ऐकू गेलं नाही. मी म्हणालो, "सगळ्यांचं मिसळलं, आई." ती थोडा वेळ तशीच बघत राहिली. मग पदरानं रिकामी किटली पुसली आणि बाहेर आली.

आण्णांनी गाडी स्टँडवर घेतली, किक मारली. गाडीकडं बघितलं नाही, कान नेला नाही. आईकडं बघितलं. आईनं मान डोलावली. मग ते बसले.